आतून न उघडणारं दार

गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा घरी येऊन तिने नवऱ्याला आधी पगार सांगितला नाही. "तिथे सकाळी कामाआधी प्रार्थना होते," एवढंच म्हणाली, आणि पायातलं काढायचं विसरून तशीच स्वयंपाकघरात गेली.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. दर रविवारी तोही तिच्याबरोबर उपासनेला जायचा, पण मागच्या बाकावर बसायचा आणि उपदेश लांबला की बोटांवर कसला तरी हिशेब करत राहायचा. तो म्हणाला, "म्हणजे आता तुला सोमवारचीही सुट्टी नाही." ती हसली, पण तिला झालेला आनंद त्याला कळला होता.

आधी ती बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासायची. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटायची, त्यावर तिथे रोज विनोद व्हायचे. बाईंच्या डब्यात काय आहे ते देवालाच माहीत, असं कुणीतरी म्हणायचं आणि टेबल हसायचं. ते तिने मनावर घेतलं नव्हतं. पण एकदा खराब निघालेला माल तिने पुढे जाऊ दिला नाही, तेव्हा साहेबांनी तिला शांतपणे समजावलं की रविवार रविवारच्या जागी ठेवावा, बाकीचे दिवस कंपनीचे असतात. त्यानंतर तिला बढती मिळाली नाही आणि पुढे तिचं तिथे लक्षही लागलं नाही. आठवड्यातला एक दिवस एक बाई आणि उरलेले सहा दिवस दुसरीच, असं किती वर्षं जगायचं, हे ती प्रभूला विचारत राहिली. ही नवी नोकरी तिला त्याचं उत्तर वाटली.

नव्या कारखान्याच्या मालकाला सगळे 'ब्रदर' म्हणायचे. माणूस खरोखर मायाळू होता. कामगारांच्या मुलांच्या शाळेची सोय करायचा, कुणी आजारी पडलं तर स्वतः दवाखान्यात जाऊन बसायचा. भिंतीभिंतींवर त्याने शास्त्रातली वचनं निळ्या रंगात लिहून घेतली होती, अगदी हात धुवायच्या नळावरसुद्धा. तिला सगळे 'तपासणीबाई' म्हणू लागले. खोल्यांचं तापमान, मालाची आणि माणसांची स्वच्छता, सगळं तिच्याकडे होतं, आणि काही बिनसलेलं दिसलं तर कोणतीही खोली बंद करायचा अधिकार तिला होता. फोन आत न्यायची कुणालाच परवानगी नव्हती. तो नियम ती इतका कडक पाळायची की ब्रदरसुद्धा आपला फोन दाराजवळच्या कपाटात ठेवून मगच आत यायचा.

प्रार्थना व्हायची ती थंड खोल्यांसमोरच्या लांबलचक बोळात, अगदी टोकाला, शेवटच्या खोलीच्या दारापाशी. तिला पहिल्याच दिवशी याचं नवल वाटलं. पॅकिंगचा हॉल मोठा होता, उजेडाचा होता, आणि मुख्य म्हणजे उबदार होता. इथे दारांच्या फटींतून येणारा गारठा पायांतून वर चढायचा. माणसं खांदे आखडून, हात काखेत घालून उभी राहायची. भिंतीवरच्या स्पीकरवर गीत लागायचं, सगळे त्याच्याबरोबर गायचे, मग ब्रदर प्रार्थना करायचा. पण देवाच्या कामात थोडी थंडी सोसायला काय हरकत आहे, असं म्हणून तिने तो प्रश्न सोडून दिला.

पहिल्यांदा तिला ते ऐकू आलं तेव्हा गीताचं दुसरं कडवं चाललं होतं. शेवटच्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी ठोकलं. घाईने नाही, थकलेल्या हाताने ठोकावं तसं. ठक. मग जरा वेळ काही नाही. मग ठक, ठक.

तिने डोळे उघडले. बाकी कुणाचेच डोळे उघडले नाहीत. पण गाणाऱ्यांचा आवाज चढला. सगळ्यांचा एकदमच चढला, जसा वाऱ्याचा झोत आला की बायका एकदम पदर सावरतात तसा. ब्रदरचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

प्रार्थनेनंतर तिने यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, बर्फ आहे. पाइपांच्या जाळीवर साठलेला बर्फ सुटतो आणि खालच्या पत्र्यावर पडतो, त्याचा आवाज. हे खरं असू शकतं हे तिला माहीत होतं. पण बर्फ वितळवायची वेळ ठरलेली असते, आणि त्या खोलीची वेळ दुपारची होती. तिने ते मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री पान्याला फडकं गुंडाळत राहिले आणि म्हणाले की जुनी यंत्रं आहेत बाई, ती काय घड्याळ बघतात का.

चहाच्या वेळी तिने पुन्हा विषय काढला. टेबलाभोवती बसलेले सगळे आपापल्या कपात बघू लागले. शेवटी ट्रॉली ओढणाऱ्या एका जाडजूड माणसाने सांगितलं, त्याला सगळे 'गाडीवान' म्हणायचे. तो म्हणाला की ऐकू सगळ्यांनाच येतं, आपण लक्ष द्यायचं नसतं. आणि मग त्याने लंबूची हकिगत सांगितली.

लंबू म्हणजे माल चढवणारा उंच हमाल. दारातून जाताना सवयीने मान वाकवायचा, दार कितीही उंच असो. एका सकाळी दोनच खोकी आणायची म्हणून तो जाड कोट न घालता, अंगातल्या सदऱ्यानिशी शेवटच्या खोलीत शिरला. त्या दारांच्या बिजागऱ्या अशा बसवलेल्या असतात की दार सोडलं की आपोआप मिटतं. ते मिटलं. त्या दिवशी प्रार्थनेला बाहेरगावचे पाहुणे उपदेशक आले होते, बराच वेळ चाललं. मग गडबडीत तो कुणालाच आठवला नाही. दुपारी खोली उघडली तेव्हा तो दाराला टेकून बसला होता. चौकशी झाली, पण कोट न घालता एकटा आत गेला ही त्याचीच चूक ठरली. ब्रदरने त्याच्या बायकोला पॅकिंगमध्ये कामाला घेतलं. तिला सगळे 'अक्का' म्हणायचे.

"आतून दार उघडता येत नाही का?" बाईने विचारलं. त्यावर गाडीवान उठला आणि आपला कप धुवायला निघून गेला.

ती खोल्या बघायला गेली. प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला एक दांडा होता, त्याच्या टोकाला अंधारात चमकणारा हिरवा गोळा. तो ढकलला की बाहेरची कडी सुटून दार उघडतं. मिस्त्रींना बाहेर उभं करून तिने एकेक दार आतून उघडून पाहिलं. शेवटच्या दाराला दांडा नव्हता. दांड्याच्या जागी पत्र्याचा छोटा चौकोन बसवून वरून पांढरा रंग दिला होता. हातमोजा काढून तिने त्या चौकोनावर तळवा ठेवला. चटका बसावा तसा गारठा लागला.

ब्रदरने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, अगदी बरोबर आहे तुमचं सिस्टर, दांडा गोठून तुटला होता, भोकातून थंडी जायची म्हणून पत्रा मारला. हंगाम संपला की बसवू. मटारचा हंगाम संपला आणि मक्याचा सुरू झाला. तिने पुन्हा आठवण केली. ब्रदरने पुन्हा मान डोलावली. तोवर दारात लाकडी पाचर लावून आणि बाहेर माणूस उभा करून काम चालायचं, आणि कुणीही त्या खोलीत गरजेपेक्षा जास्त थांबायचं नाही.

असे महिने गेले. आणि एका सकाळी गाता गाता तिच्या लक्षात आलं की दारावर ठकठक झाली होती आणि तिने आवाज चढवला होता. डोळे न उघडता, सगळ्यांबरोबर, न ठरवता. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

अक्का प्रार्थनेला कधीच यायची नाही. सगळे बोळात जमले की ती पॅकिंगच्या हॉलमध्ये आपल्या जागेवर बसून पिशव्यांच्या चळती सारख्या करायची. बाई एकदा तिच्याशेजारी जाऊन बसली. काय विचारायचं ते ठरवून आली होती, पण नुसत्या पिशव्यांच्या कडा जुळवत राहिली. अक्कानेच तिची सुटका केली.

"तुम्हालाही ऐकू येतं ना?" ती म्हणाली. "सगळ्यांना येतं म्हणे. मला नाही येत. जेवणाच्या सुट्टीत कान लावून उभी राहिलेय मी त्या दाराला. काही नाही. अख्ख्या कारखान्याला ठोकून दाखवतो आणि मला नाही." ती हसायला गेली, पण ते नीट जमलं नाही. "आमचं त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं. त्याचाच राग असेल."

 बाईने थोड्या पिशव्या मोजून अक्काच्या चळतीवर ठेवल्या आणि उठली.

त्या रविवारी तिला मुलांच्या वर्गात धडा सांगायचा होता. भिंतीवर नेहमीचं चित्र होतं, हातात दिवा घेऊन बंद दारावर ठोठावणारा प्रभू. ते चित्र दाखवून ती दरवर्षी मुलांना विचारायची की या दाराला बाहेरून कडी का नाही, आणि मुलं ओरडून सांगायची की कडी आत असते, दार आपणच उघडायचं असतं. या वेळी तिला पुढचं सांगताच येईना. तिने मुलांना चित्र काढायला बसवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. घरी परतताना नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "भुताचं मला काही कळत नाही. पण खोली बंद करायचा अधिकार तुला आहे ना?"

"आहे."

"मग तू प्रार्थना कसली करतेयस?"

हे त्याने खवचटपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं.

सोमवारी तिने शेवटच्या खोलीला लाल पाटी लावली. दांडा बसेपर्यंत आत कुणीही जायचं नाही, माल आत जायचा नाही आणि बाहेर यायचा नाही. मका दारात येऊन पडलेला होता. दुपारपर्यंत कारखानाभर कुजबुज झाली आणि ब्रदरने तिला बोलावून घेतलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग उठून तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागला. आमच्या या बहिणीच्या मनातून भय काढ, कलहाचा आत्मा दूर कर, या कामावर तुझा हात आहे हे तिला दिसू दे. हात जड होता. लहानपणापासून ज्या शब्दांवर ती वाढली तेच हे शब्द होते, आणि आज त्याच शब्दांत तिला अडकवून बाहेरून कडी घालावी तसं तिला झालं. प्रार्थना संपली तेव्हा तिने आमेन म्हटलं नाही. ती म्हणाली की पाटी राहील.

ब्रदरने तिच्यापुढचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, उद्या सकाळी प्रार्थनेआधी आपण दोघं ती खोली बघू. तिथे काही नाही हे मी तुम्हाला दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात आला, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. तिने त्याला कोट घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, दोन मिनिटांचं तर काम आहे. त्याने स्वतः दारात पाचर सरकवली आणि दोघं आत गेले. बाहेर माणूस उभा करावा असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण बोळाच्या दुसऱ्या टोकाला माणसं जमायला लागलीच होती आणि पाचर पक्की दिसत होती. तेवढी एक गोष्ट तिने सोडून दिली.

आत पंखे घोंघावत होते. खोक्यांच्या रांगा छतापर्यंत गेलेल्या होत्या, त्यांवर साखरेसारखा बर्फ. ब्रदर पुढे पुढे चालत गेला, प्रत्येक रांगेत डोकावत, जणू एखादं मूल लपलंय आणि त्याला शोधायचंय. "बघा," तो म्हणत होता, "काय आहे इथे? काही आहे का?" तो तिला विचारत नव्हता, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं.

तेवढ्यात उजेड कमी झाला. ती वळली तर दार मिटत होतं. ती धावली, पण पोचेपर्यंत कडी पडल्याचा आवाज आला होता. पुढे कळलं की गाडीवान तिथून जात होता. दार सताड उघडं, बोळात वाफ सुटलेली, थंडी वाया चाललेली. त्याने आपलं काम म्हणून पायाने पाचर काढली आणि गीत सुरू होतंय म्हणून पुढे गेला.

तिने दारावर ठोकलं. आधी हाताने, मग खोक्यावर चढायच्या छोट्या स्टुलाने. ओरडून पाहिलं. बाहेर स्पीकर लागला. मालक आज उशिरा येतील असं समजून मिस्त्रींनी गीत सुरू केलं होतं. तिने जीव खाऊन स्टूल आपटलं, आणि बाहेर गाणाऱ्यांचा आवाज चढला.

तेव्हा तिला कळलं की कुणी येणार नाही. सगळ्यांना ऐकू येत होतं. आणि ऐकू आलं की काय करायचं ते सगळ्यांना पाठ झालेलं होतं.

ब्रदर दारापाशी येऊन उभा होता. छतावरच्या मिणमिणत्या दिव्यात त्याचे ओठ आताच निळसर दिसायला लागले होते. तिने आपला कोट काढला, तो नको म्हणाला, मग दोघांनी तो दोघांच्या खांद्यांवर घेतला. ठरलेली थंडी गाठली की थांबतात तसे थोड्या वेळाने पंखे थांबले. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत बाहेरचं गीत शब्दन् शब्द ऐकू यायला लागलं.

"मी ऐकलं होतं," ब्रदर म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी. हॉल धुवायला काढला होता म्हणून प्रार्थना इथे ठेवली. मी असा दाराला पाठ करून उभा होतो. माझ्या पाठीतच वाजलं ते." त्याचे दात वाजत होते, प्रत्येक शब्द तो उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. "मला वाटलं बर्फ आहे. नाही. वाटलं नाही. वाटून घेतलं. पाहुणे बोलत होते. मध्येच वळून दार उघडणं बरं दिसलं नसतं."

"आणि दांडा?"

"नंतर बसवला असता, तर आधी का नव्हता ते सांगावं लागलं असतं." तो दाराला टेकून खाली बसला. "म्हटलं, रोज इथेच त्याचं नाव घेत राहू. कधीतरी हे थांबेल."

कुणाचं नाव, हे तिने विचारलं नाही. तिला त्याचा राग आला नाही, किंवा आला असेल तर थंडीत तो कळला नाही. तिने त्याला दंडाला धरून उठवलं, बसू नका म्हणाली. आणि दोघं मिळून ठोकत राहिले. आता तोही ठोकत होता, मुठींनी. प्रार्थना तिने केली, पण शब्द एकच होता आणि तो तिने पुन्हा पुन्हा म्हटला, उघड. तो ती प्रभूला म्हणत होती की बाहेरच्यांना, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

दार उघडलं ते एकदम, बाहेरून जोराने ओढल्यासारखं. उजेड डोळ्यांत घुसला. समोर अक्का उभी होती.

कामावर असताना डोक्यावर टोपी असलीच पाहिजे हा तपासणीबाईचाच नियम होता. अक्काने टोपी काढून हातात घेतली होती. केस हाताने नीट बसवलेले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून बाईला आपण इथे असल्याची लाज वाटली. आपण जिवंत सापडल्याची लाज.

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्यामधून आत पाहिलं. त्यांना बाजूला सारून ती खोलीत शिरली, पहिल्या रांगेच्या टोकापर्यंत गेली, वळून दुसऱ्या रांगेतून परत आली. बाहेर येऊन तिने टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर आलेले केस एकेक करून आत खोचले.

"तुम्ही होतात होय," ती म्हणाली.

स्पीकर अजून चालूच होता. गाणारे मात्र गप्प झाले होते. ब्रदरला उभं राहता येत नव्हतं, गाडीवानाने त्याला धरलं होतं आणि 'मीच पाचर काढली, मीच काढली' एवढंच तो पुटपुटत होता. त्याला बाजूला करून ब्रदर अक्कासमोर गुडघ्यांवर बसला आणि आत जे बोलला होता ते बोलला.

"ऐकू नाही आलं," अक्का म्हणाली.

मिस्त्रींनी जाऊन स्पीकर बंद केला. ब्रदरने ते सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी बोळातल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. 'वाटून घेतलं' हा शब्द त्याने याही वेळी टाळला नाही. बाईने पाहिलं, बरीच माणसं खाली बघत होती. लंबू गेला त्या दिवशी ही माणसंही बोळात होती. त्यांनीही काहीतरी वाटून घेतलंच होतं.

अक्का शेवटपर्यंत ऐकत राहिली. क्षमा वगैरे काही म्हणाली नाही. "मका पडलाय तिकडे," एवढं म्हणून ती हॉलकडे चालू लागली. तिच्या मागोमाग हळूहळू बाकीचेही गेले.

दांडा त्याच दिवशी बसला. ब्रदर दोन दिवस तापाने अंथरुणात होता. उठला तो थेट अधिकाऱ्यांकडे गेला आणि मिटलेली चौकशी त्याने स्वतः उघडायला लावली. वकिलाने, धाकट्या भावाने, पाळकांनीसुद्धा त्याला परोपरीने समजावलं. त्याने ऐकलं नाही. प्रकरण अजून चालू आहे. कारखान्याचं कामकाज आता धाकटा भाऊ बघतो. भिंतींवरची वचनं त्याने पुसली नाहीत, पण फिकी झाली म्हणून पुन्हा रंगवलीही नाहीत.

बोळातली प्रार्थना थांबली. तुम्ही घ्या आता प्रार्थना, असं काही जणांनी बाईला सुचवलं. तिने सांगितलं की ज्याला हवं त्याने हॉलमध्ये बसावं, मीही येईन, पण स्पीकर नको. ती स्वतः सकाळी खोल्यांची फेरी करते. प्रत्येक खोलीत एकटी जाते, दार आपल्यामागे मिटू देते, आणि दांडा ढकलण्याआधी दिवा न लावता अंधारात जरा वेळ उभी राहते. प्रभूशी जे बोलायचं ते तेवढ्यात बोलून घेते. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की एवढ्या आटोपशीर प्रार्थनेचं पाळकांना शिक्षण द्यायला हवं. मग त्याने विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, रोज वाटते.

शेवटच्या खोलीत आवाज येतो असं अजूनही कुणी कुणी म्हणतं. कारखान्यात आता एवढाच रिवाज पडलाय की ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं टाकून जायचं आणि दार उघडून बघायचं. दिवसातून कितीदा तरी ते दार उघडतं. थंडी वाया जाते, धाकटा मालक कुरकुरतो, पण कुणाला मनाई करत नाही.

मक्याचा हंगाम संपत आला होता तेव्हा एका दुपारी अक्का तपासणीबाईच्या टेबलापाशी आली. हातात टोपी नव्हती, डोक्यावर होती. ती बसली नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आत होतात तेव्हा, बाहेरचं आत ऐकू येत होतं का?"

बाईच्या हातातला थर्मामीटर तसाच राहिला. नाही म्हणणं किती सोपं होतं, आणि कुणालाही ते कधी कळलं नसतं. पंखे चालू होते, काही ऐकू येत नव्हतं, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही झालं असतं. अक्का तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"येत होतं," बाई म्हणाली. "पंखे थांबले की येतं."

"शब्द कळतात?"

"कळतात."

अक्काने मान हलवली. टेबलाच्या कडेवर ती बोट फिरवू लागली.

"म्हणजे त्याला कळलं असणार," ती म्हणाली, "की बाहेर आम्ही सगळे आहोत."

"तुम्ही त्या दिवशी होतात?"

"होते ना. कामाला नव्हते तेव्हा, पण प्रार्थनेला यायचे मी. पुढेच उभी होते." तिने बोट उचललं. "माझा आवाज त्याला कुठूनही ओळखू यायचा."

हॉलमध्ये पॅकिंगचा पट्टा सुरू झाल्याची घंटा वाजली. अक्का वळली आणि आपल्या जागेकडे गेली. बाई उठली, तिच्या मागोमाग गेली, आणि तिच्या शेजारी उभी राहून पिशव्या भरू लागली.